दोन चौकट म्हणू की पास?

पत्त्यांच्या बाबतीत मराठी माणूस मेंढीकोटपर्यंत सुखात असतो. सुट्टीत मामाकडे गुलामचोर, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन अशी बढती घेत घेत तो मेंढीकोटला पोचतो आणि तिथेच कायमचा होतो. पुढे होस्टेलवर थोडं जजमेंट, थोडी रमी, संपलं. ब्रिज म्हटलं की त्याला आठवतात जिमखान्यातले चार पेन्शनर, जे तासन् तास एकमेकांशी बोलत नाहीत आणि बोलले की भांडतात :)

मी कडावचा. तालुका कर्जत, जिल्हा रायगड. ज्यांना कडाव माहीत असतं त्यांना ते बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे माहीत असतं, बाकीच्यांना "कर्जतच्या पुढे" एवढं सांगून भागतं. सोम ते शुक्र कोड लिहायचा आणि वीकांताला घरी यायचं, असा क्रम आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास जातात: वीज आणि मोबाईलची रेंज. त्यामुळे चार माणसं, एक कॅट आणि एक चार्जिंगचा दिवा एवढ्यावर भागणारा छंद इथे चांगला टिकतो. ब्रिज मी इथेच शिकलो, गणिताच्या एका निवृत्त शिक्षकांकडून. त्यांना अख्खं गाव सर म्हणतं, मीही सरच म्हणतो.

आजचा विषय ब्रिजमधला फक्त एक निर्णय. समोरच्यांनी बोली उघडली आहे. तुमच्या हातात बरी पानं आहेत, पण फार बरी नाहीत. तुम्ही बोलायचं की गप्प बसायचं? या एका प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चार-पाच वेळा बदललं. आणि ते का बदललं याचा इतिहास मला एखाद्या लढाईच्या इतिहासाइतका रंजक वाटतो. (लढाईसुद्धा येणार आहे, आमच्या शेजारच्या तालुक्यातली. धीर धरा.)

आधी ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी पाच ओळी. चार जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला १३ पानं. मेंढीकोटमध्ये हुकूम बंद असतो नाहीतर कट असतो, म्हणजे थोडक्यात नशिबाने ठरतो. ब्रिजमध्ये तो लिलावाने ठरतो. "एक इस्पिक" म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक एक, असे सात हात आम्ही करू. बोलीचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यात वर नो ट्रंप. शेवटची बोली ज्यांची, त्यांचं काँट्रॅक्ट. बोललेले हात केले तर गुण तुम्हाला. कमी पडले तर दर कमी हातामागे दंड, आणि ते गुण समोरच्यांना. समोरच्यांना तुम्ही बुडणार याची खात्री असेल तर ते "डबल" म्हणतात, की दंड भरमसाट वाढतो. समोरच्यांनी लिलाव सुरू केल्यावर त्यात आपण उडी घेणं याला म्हणतात ओव्हरकॉल.

आता हा हात बघा. उजवीकडच्याने "एक इस्पिक" म्हटलं. तुमच्याकडे आहे:

इस्पिक: अठ्ठी, तिर्री
बदाम: राजा, चव्वी, दुर्री
चौकट: एक्का, राणी, गुलाम, नश्शी, चव्वी
किलवर: सत्ती, छक्की, पंजी

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ या हिशेबाने हे १० गुण. पूर्ण कॅटमध्ये असे ४० असतात, म्हणजे वाट्याला बरोबर सरासरी आलेली आहे. इस्पिकच्या वर जायचं तर चौकट दोनच्या पातळीवर बोलावी लागते. म्हणजे आठ हात. भिडूकडे काय आहे याची तुम्हाला काडीची कल्पना नाही. दोन चौकट की पास?

बोललात तर मिळण्यासारख्या गोष्टी अशा. समोरच्यांची जागा खाल्ली जाते: डावीकडचा आता "एक नो ट्रंप" किंवा "दोन किलवर" म्हणू शकत नाही, त्याला लिलावाच्या पुढच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते. शेवटी काँट्रॅक्ट त्यांचंच झालं आणि उतारी तुमच्या भिडूवर आली तर काय उतरायचं ते त्याला कळलेलं असतं. भिडूकडे चौकट जमली तर छोटं काँट्रॅक्ट तुम्हीच जिंकता, किंवा त्यांच्या मोठ्या काँट्रॅक्टच्या वर बोलून थोडक्यात बुडता आणि तरी फायद्यात राहता. गमावण्यासारख्या गोष्टीही तीन. डबल बसून मोठा दंड होऊ शकतो. काँट्रॅक्ट त्यांचं झालं तर त्यांना चौकटीची पानं कुठे आहेत ते फुकटात कळतं. आणि भिडूने तुमच्या बोलीवर भरवसा ठेवून पुढे उडी मारली तर दोघं बुडता. ही तिसरी बाजू आकड्यांत मांडता येत नाही, तिच्याकडे नंतर येतो.

आता इतिहास.

ब्रिजच्या आधी होता व्हिस्ट. त्यात बोलीच नव्हती. वाटणाऱ्याचं शेवटचं पान उलटून दाखवायचे, ते ज्या रंगाचं तो हुकूम. १८९० च्या दशकात लंडनच्या क्लबांत ब्रिज-व्हिस्ट आला. त्यात पानं वाटणारा हुकूम ठरवायचा, नाहीतर ते काम भिडूवर सोपवायचा. समोरच्यांना त्यात तोंड घालायची सोय नव्हती. म्हणजे ओव्हरकॉल हा प्रश्नच जन्माला आलेला नव्हता.

लिलाव आला १९०३-०४ च्या सुमारास. त्याच्या जन्मावर दोन हक्क सांगितले जातात, एक इंग्लंडचा आणि दुसरा चक्क हिंदुस्थानचा. आपल्याकडची कथा अशी: आडगावी नेमणूक झालेले तीन आयसीएस साहेब, ब्रिज खेळायची हौस दांडगी, पण चौथा भिडू मिळेना. मग त्यांनी चौथ्या जागेची पानं लिलावाला काढली. जो जास्त हात करीन म्हणेल, त्याला ती पानं. अलाहाबादेत या खेळावर एक पुस्तकही निघालं, लेखकाचं टोपणनाव "जॉन डो". कथा खरी असो की रचलेली, चौथा भिडू न मिळण्याचं दुःख आडगावात राहणाऱ्या कोणालाही पटेल. आम्हाला तर दर गणपतीत येतं.

या ऑक्शन ब्रिजमध्ये ओव्हरकॉल स्वस्त होता. दंड सपाट, दर कमी हातामागे ५०, डबल केलं तर १००. शिवाय गेम मिळायला मोठी बोली बोलावी लागत नसे; छोटं बोलून जास्त हात केले तरी गेम पदरात पडायची. मग बोलायला जातंय काय?

जातंय, हे ठरवलं एका माणसाने एका बोटीवर. हॅरल्ड व्हँडरबिल्ट हा अमेरिकेतल्या रेल्वेसम्राटांच्या घराण्यातला. १९२५ च्या शरदात तो फिनलंड नावाच्या बोटीने पनामा कालव्यातून हवानाकडे चालला होता. बरोबर तीन पत्तेबाज मित्र. त्याने नवीन गुणपद्धत मांडली: बोलाल तेवढ्याचंच गेमसाठी खातं, मोठ्या स्लॅमला घसघशीत बक्षीस, आणि ज्या बाजूने एक गेम जिंकली आहे तिला बुडाल्यास दंड जास्त. या शेवटच्या अवस्थेला नाव सुचेना. बोटीवरच्या एका तरुणीने शब्द सुचवला, "व्हल्नरेबल". ही हकीकत व्हँडरबिल्टनेच पुढे लिहून ठेवली, पण त्या बाईंचं नाव त्याच्या लक्षात राहिलं नाही. शंभर वर्षं जगभर रोज लाखो वेळा उच्चारला जाणारा शब्द आणि श्रेय शून्य. ओपन सोर्सवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.

व्हल्नरेबलमुळे ओव्हरकॉलचं गणितच बदललं. तीच पानं, तीच बोली, पण एका डावात शहाणपणाची आणि पुढच्या डावात आत्महत्येची. आज चालणारा डबलचा दंड बघा. व्हल्नरेबल नसताना एक हात कमी पडला तर १००, दोन ३००, तीन ५००. व्हल्नरेबल असताना एक २००, दोन ५००, तीन ८००. समोरच्यांची चार इस्पिकची गेम झाली असती तर त्यांना ४२० मिळाले असते, ते व्हल्नरेबल असतील तर ६२०. म्हणजे तुम्ही नाही आणि ते आहेत, अशा वेळी तीन हातांनी बुडून ५०० दिलेत तरी १२० वाचवलेत. उलट परिस्थितीत दोनच हातांनी बुडलात तरी ५०० देऊन ४२० वाचवलेत, म्हणजे ८० चा खड्डा. आणि त्यांची गेम मुळात होतच नसेल, ते दोन इस्पिकवर थांबून ११० घेणार असतील, तर हे ५०० तुम्ही शुद्ध दान केलेत.

यावरून पहिला ठोस नियम घालून दिला ईली कल्बर्टसनने. हा माणूस म्हणजे १९३० च्या दशकातला ब्रिजचा ब्रँड मॅनेजर. १९३० साली त्याचं "ब्लू बुक" आलं. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला त्याने सिडनी लेन्झशी १५० रबरांचा सामना लावला, वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर चालवला, आणि १९३२ च्या जानेवारीत तो ८,९८० गुणांनी जिंकला. त्याचा "दोन आणि तीनचा नियम" असा: भिडूकडे काहीच नाही असं धरा. स्वतःच्या पानांवर किती हात होतात ते मोजा. व्हल्नरेबल असाल तर त्यात दोन मिळवा, नसाल तर तीन. तेवढ्यापर्यंत बोला, त्याच्या पुढे नाही. दोन्हीकडे सगळ्यात वाईट निकाल ५०० वर थांबतो. आमच्या भाषेत सांगायचं तर वर्स्ट केसला घातलेली मर्यादा.

वरच्या हाताला हा नियम लावून बघा. एक्का-राणी-गुलाम-नश्शी-चव्वी या चौकटीत राजाला एक हात सोडून चार हात धरता येतात. बदामचा राजा अर्धा. साडेचार. आठ हवेत. व्हल्नरेबल नसाल तर साडेचार अधिक तीन, साडेसात, म्हणजे अगदी काठावर. श्वास रोखून बोला. व्हल्नरेबल असाल तर साडेसहा, पास.

आता दुसरा हात: इस्पिक राजा-अठ्ठी, बदाम राणी-गुलाम-चव्वी, चौकट गुलाम-नश्शी-छक्की-चव्वी-दुर्री, किलवर राजा-सत्ती-पंजी. मोजा, इथेही १०च गुण. पण चौकटीत दोनच हात दिसतात आणि बाकीची चित्रं विखुरलेली. हे गुण समोरच्यांना बुडवायला चांगले, आपलं काँट्रॅक्ट करायला नाहीत. इथे "दोन चौकट" म्हणणाऱ्याला सर चहा देत नाहीत. ओव्हरकॉल गुणांवर करायचा नसतो, रंगाच्या मजबुतीवर करायचा असतो, हे त्यांचं पहिलं सूत्र. आणि भिडूने ती उतारी केली तर तुम्हाला आनंद झाला पाहिजे, हे दुसरं.

त्याच काळातला, पण फार वेगळ्या कारणाने गाजलेला एक ओव्हरकॉल आहे. १९२९ चा सप्टेंबर, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. बेनेट नवरा-बायको शेजारच्या हॉफमन जोडप्याशी खेळत होते. सर्वत्र सांगितली जाणारी बोली अशी: जॉन बेनेट "एक इस्पिक", हॉफमन "दोन चौकट", मर्टल बेनेट थेट "चार इस्पिक". जॉन बुडाला. बायकोने त्याच्या खेळण्याला नावं ठेवली, त्याने तिच्या कानाखाली मारली, तिने पिस्तूल आणून त्याला गोळ्या घातल्या. तो मेला. १९३१ साली ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. त्या डावाची म्हणून जी पानं पुढे छापली गेली, ती मागाहून रचलेली आहेत असं जाणकार मानतात. पण त्या रात्री चौघं जी गोष्ट विसरले ती खरी आहे: टेबलावर एक वाईट निकाल आला, आणि कोणाचा निर्णय चुकला हे शांतपणे बघायच्या आधीच दोष वाटून झाला होता. डिप्लॉयमेंट फसल्यावर पहाटे तीनच्या कॉलवर जे बसले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढचं वळण १९५७ चं. तोवर ओव्हरकॉलचा खरा शत्रू होता तुमच्या डावीकडचा माणूस. त्याच्याकडे तुमच्याच रंगाची चांगली पानं असली की तो सरळ "डबल" म्हणायचा आणि तुमचा निकाल लागायचा. अमेरिकेत अल्विन रॉथने या डबलचा अर्थच बदलला. "मला यांना दंड करायचाय" याऐवजी "माझ्याकडे न बोललेल्या रंगांची पानं आहेत, भिडू, तू निवड" असा निरोप त्या डबलने द्यायचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला होता, म्हणून या नव्या डबललाही लोक स्पुटनिक म्हणू लागले. आज तो निगेटिव्ह डबल म्हणून सगळीकडे चालतो.

याचा परिणाम बघा. डबल दुसऱ्या कामाला लागल्यामुळे डावीकडच्याला दंडाचं हत्यार लगेच वापरता येईना. ओव्हरकॉल एकदम सुरक्षित झाला आणि लोक हलक्या हातांवर बोलू लागले. पुढच्या दशकांत ओव्हरकॉल पातळ होत गेला, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. पण दंड संपला नाही, त्याने वाट बदलली. आता डावीकडचा माणूस तुमच्या रंगाची पानं धरून चेहरा कोरा ठेवून "पास" म्हणतो. तुम्हाला वाटतं, सुटलो. मग बोली फिरून त्याच्या भिडूकडे येते, तो "डबल" म्हणतो, आणि हा पुन्हा "पास". झालं. दार मागून बंद.

आणि इथे आमची लढाई येते. कडावहून कर्जत, पुढे खोपोली, तिथून पालीच्या रस्त्याला लागलं की चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे, खालापूर तालुक्यात. १६६१ च्या सुरुवातीला शाइस्तेखान पुण्यात बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरवलं. खानाने नेहमीची मोठी वाट सोडून लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाची अरुंद वाट धरली. वाटेत त्याला कोणी अडवलं नाही. खानाने त्या शांततेचा अर्थ "समोर कोणी नाही" असा लावला. २ फेब्रुवारीला तो खिंडीत पूर्ण आत आला, तेव्हा पुढे शिवाजी महाराज होते, दोन्ही बाजूंच्या झाडीत मावळे होते आणि मागची वाटही बंद झाली होती. पाणी नाही, वळायला जागा नाही. बरोबरच्या रायबागन या सरदार बाईंच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामान व खंडणी देऊन जिवानिशी परत गेला. आज तिथे स्मारक आहे. पुढच्या वेळी डावीकडचा फार सहजपणे "पास" म्हणाला की मला हटकून ती खिंड आठवते. खानाचं सैन्य कमी नव्हतं, त्याचे गुण भरपूर होते. त्याने मोजलं नाही ते हे, की आपण कोणत्या दोन हातांच्या मध्ये शिरतोय आणि चुकलं तर किती देऊन सुटता येईल.

असो. ब्रिजकडे.

१९६६ साली झाँ-रेने व्हेर्न या फ्रेंच लेखकाने जागतिक स्पर्धांमधले डाव मोजून एक विलक्षण गोष्ट मांडली, आणि १९६९ साली ती इंग्रजीत आली. आपल्या बाजूचा सगळ्यात लांब रंग, त्यांच्या बाजूचा सगळ्यात लांब रंग, या दोन्हींतल्या पानांची बेरीज करा. ती बेरीज आणि दोन्ही बाजू आपापल्या हुकुमात करू शकतील त्या हातांची बेरीज, या सरासरीने जवळजवळ सारख्या येतात. समजा आपल्याकडे दोघांत मिळून आठ चौकट, त्यांच्याकडे आठ इस्पिक. बेरीज १६. ते दोन इस्पिकचे आठ हात करणार असतील तर आपणही चौकटीत आठ करणार. मग "तीन चौकट" म्हणून एकाने बुडलो तर ५० देऊन त्यांचे ११० वाचवले. डबल झालं तरी १००. फक्त व्हल्नरेबल असताना डबल झालं तर २०० जातात, आणि जोड्यांच्या स्पर्धेत तो आकडा म्हणजे जवळपास शून्य गुण. लॅरी कोहेनच्या १९९२ च्या पुस्तकाने हा "एकूण हातांचा नियम" घराघरांत पोचवला. २००४ साली माईक लॉरेन्स आणि अँडर्स विर्गरेन यांनी पुस्तक लिहून त्याच्या मर्यादा दाखवल्या: सरासरी ठीक, पण एकट्या डावात एखाद-दुसऱ्या हाताचा फरक सर्रास पडतो. सरासरीवर धोरण ठरतं, हातातला डाव तरी बघावाच लागतो.

एक बदल तर सरळ रिलीज नोट्समधला वाटावा असा आहे. १९८७ पर्यंत डुप्लिकेट ब्रिजमध्ये व्हल्नरेबल नसताना डबलचा दंड पहिल्या हाताला १०० आणि पुढे प्रत्येकी २०० असा सरळ चढायचा. आता गंमत करा. समोरचे व्हल्नरेबल आहेत आणि त्यांनी सात इस्पिकचा ग्रँड स्लॅम बोलला आहे. किंमत २,२१०. जुन्या हिशेबाने तुम्ही वर काहीतरी अचाट बोलून अकरा हातांनी बुडलात, म्हणजे १३ पैकी फक्त २ हात केलेत, तरी दंड २,१००. फायदा ११०! हे उघडच भोक होतं. १९८७ च्या नियमांत चौथ्या हातापासून पुढे प्रत्येकी ३०० झाले. तोच अकरा हातांचा पराक्रम आता २,९०० ला पडतो. तेव्हापासून तीन हात ही कड आहे: तीनला ५००, चारला ८००. कल्बर्टसनच्या जुन्या "तीन"ला त्यामुळे पुन्हा वजन आलं.

मग हे सगळं संगणकाला का विचारत नाही? विचारतो ना. वरचा हात कायम ठेवायचा, उरलेली ३९ पानं हजारो वेळा पिसून वाटायची, आणि प्रत्येक डावात चौकट हुकुमात किती हात होतात ते काढायचं. त्यासाठी लागणारे सॉल्व्हर मोफत मिळतात, आणि वीज असली तर एका वीकांताचं काम आहे. एकूण शक्य वाटपं २९ अंकी संख्येइतकी आहेत, पण नमुना घेतला की विदा भरपूर मिळतो. अडचण वेगळीच आहे. सॉल्व्हर चौघांनाही सगळी पानं दिसतात असं धरून खेळतो. खऱ्या टेबलावर डावीकडच्याला तुमची पानं दिसत नाहीत, त्याला डबल करायची भीती वाटते, त्याचा भिडू झोपलेला असतो. म्हणजे प्रोग्रॅम धोका फुगवून दाखवतो. आणि जागा खाल्ल्यामुळे समोरचे जी गेम चुकतात, तो फायदा त्याला मोजताच येत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पॅरिसला नूक नावाच्या प्रोग्रॅमने आठ जगज्जेत्यांना हरवलं, तेव्हा तो सामना फक्त पानं खेळण्याचा होता; बोली त्यातून वगळली होती. शक्य बोल्यांची संख्या ४८ अंकी आहे, आणि त्यातली प्रत्येक बोली म्हणजे भिडूशी केलेलं बोलणं.

आपल्याकडे या खेळात दर्जा कमी नाही. १९८८ साली व्हेनिसच्या जागतिक ऑलिंपियाडमध्ये भारत उपांत्य फेरीत पोचला होता, मुंबईचा जॅगी शिवदासानी त्या काळापासून खेळतो आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि साठीचे प्रणव बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी जोडीचं सुवर्ण आणलं. पुरुष संघाला कांस्य, आणि मुंबईच्या हेमा देवरा ज्यात होत्या त्या मिश्र संघालाही. २०२३ साली झालेल्या हांगझोऊच्या खेळांत शिवदासानी, अजय खरे, राजू तोलानी वगैरेंच्या संघाला रौप्य मिळालं. घरी मात्र अजूनही "पत्ते कुटतोय" हेच ऐकावं लागतं. अशा वेळी मी सुप्रीम कोर्ट काढतो. १९६७ साली रमीच्या एका खटल्यात कोर्टाने म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, आणि त्यातलं नशीब ब्रिजमध्ये पानं वाटताना असतं त्याच जातीचं आहे. म्हणजे ब्रिज कौशल्याचं आहे हे सिद्ध करावंही लागलं नाही, ते उदाहरण म्हणून वापरलं. आईवर याचा परिणाम शून्य.

स्पर्धेतलं डुप्लिकेट ब्रिज तर नशीब जवळपास धुऊन काढतं. तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात. तुम्हाला हात वाईट आला ही सबब चालत नाही, कारण तोच वाईट हात घेऊन दुसऱ्या कोणीतरी पास म्हटलं आणि वाचला. किंवा दोन चौकट म्हटलं आणि जिंकला.

आता ती तिसरी बाजू, भिडूची. सरांकडे एक दोनशेपानी वही आहे. दर शनिवारच्या डावांतले अवघड निर्णय ते त्यात लिहितात: पानं, कोण व्हल्नरेबल, बोली, आणि "का बोललो". निकालाचा रकाना नाही. मागे एकदा मी विचारलं, "सर, निकाल का नाही लिहीत? नंतर कळायचं कसं बरोबर होतं की नाही?"

"अरे, निकाल लिहिला की का बोललो ते तू खोटं लिहिशील," ते म्हणाले. "जिंकलास तर शहाणपण लिहिशील, हरलास तर माझं नाव."

मी वाद घातला नाही. त्या वहीत वर दिलेला पहिला हात दोनदा आहे, वेगवेगळ्या वर्षांचा (म्हणजे पानं थोडी इकडेतिकडे, पण जात तीच). एकदा सर व्हल्नरेबल नव्हते आणि बोलले. एकदा होते आणि पास झाले. दोन्हींखाली कारण एकाच ओळीत. गंमत म्हणजे त्यांच्यासमोर खेळताना मला ती ओळ आधीच माहीत असते. म्हणून त्यांनी "दोन चौकट" म्हटलं की मी डोळे मिटून तीन म्हणू शकतो, आणि ते गप्प बसले तर का बसले हेही मला कळतं. भिडूचा भरवसा हा असा साठतो, आणि एका हुक्कीच्या ओव्हरकॉलने तो खर्च होतो. पुढच्या दहा डावांत तो मनात एक हात कमी धरत राहतो. हा दंड कुठल्याच तक्त्यात छापलेला नाही.

तर सव्वाशे वर्षांचा इतिहास पिळून माझ्यापुरता क्रम असा उरतो. एक, रंग मजबूत आहे का. भिडूने तीच उतारी केली तर मला चालेल का? दोन, व्हल्नरेबल कोण? तीन, भिडू कोरा निघाला तर ५०० च्या आत सुटतो का? चार, बोललो तर त्यांची काही जागा खाल्ली जाते का, की उगाच आपला पत्ता सांगून बसतोय? पहिल्या तिन्हींना "हो" आलं तर चौथ्यावर फार वेळ घालवत नाही, बोलतो. आणि वरच्या हातावर? व्हल्नरेबल नसेन तर दोन चौकट. असेन तर पास, आणि चेहरा कोरा.

तुम्ही काय म्हणाल ते जरूर कळवा, फक्त निकाल विचारू नका. पुढच्या वीकांताला वीज राहिली तर "डबल"बद्दल लिहीन म्हणतो.